शालिकरामची शेड

खाप्याचा शालिकराम नत्थू गराडे याने मला ‘सवलत किती मिळेल’ असे कधीच विचारले नाही. माझ्या सगळ्या नोकरीत असा माणूस दुसरा भेटला नाही. नागपूरच्या सदर भागातल्या आमच्या उद्योग खात्याच्या कार्यालयात जो येई तो खुर्चीवर टेकायच्या आधी टक्केवारी विचारी. शालिकराम खुर्चीवर बसलाच नाही. दाराबाहेर चपला काढून तो माझ्या टेबलाशेजारी उकिडवा बसला आणि म्हणाला, “साहेब, कारखाना व्हाले काय काय लागते जी?”

“कशाचा कारखाना?”

“टोपल्यायचा.”

शेजारच्या टेबलावरचे दोघे हसले. मीही हसलो असतो, पण नवा अर्ज म्हणजे आमच्या मासिक अहवालात एक आकडा वाढतो, म्हणून मी गंभीर राहिलो.

हे एकोणीसशे एकोणसत्तर सालचे. मागास भागात उद्योग काढणाऱ्यांना सरकार तेव्हा सवलती देत होते. इमारतीला अनुदान, यंत्रांना अनुदान, विजेच्या दरात सूट. आणि उद्योग जंगलातल्या मालावर चालणारा असेल तर वन खात्याकडे शिफारस, म्हणजे सरकारी डेपोतून ठरलेल्या दराने थेट माल. पहिल्या तीन गोष्टींसाठी अर्जांची रांग लागे. चौथीसाठी आलेला हा पहिलाच.

त्याची अडचण त्याने पाच मिनिटांत सांगितली, आणि ती माझ्या पुस्तकात बसणारी होती. शालिकराम बुरूड. त्याच्या घरात तीन पिढ्या सुपे, टोपल्या आणि हंगामात संत्र्यांच्या करंड्या विणल्या जात. नागपूरची संत्री तेव्हा बांबूच्या करंडीत भाताच्या तणसावर बसूनच रेल्वेने कलकत्त्याला जायची. पण जंगलातला बांबू आता बहुतेक कागद कारखान्याला जाऊ लागला होता. उरेल त्याचा लिलाव व्हायचा, तोही हजारांच्या लॉटने. शालिकरामला एका वेळी शंभर बांबू लागत. लॉट घेणारा व्यापारी त्याला देईल तेव्हा आणि देईल तसा बांबू मिळे. मागच्या हंगामात अर्ध्या करंड्या बांबूविना राहून गेल्या. यंदाही तसेच झाले तर संत्र्यांचा व्यापारी ताराचंद आपली मागणी दुसऱ्या गावाला देणार होता. म्हणजे शालिकरामचे घर आणि त्याच्याकडे विणायला येणाऱ्या चार बायका, अशा पाच घरांचे हात रिकामे.

“कारखान्याले सरकार डेपोतून बांबू देते म्हणे,” तो म्हणाला. “मंग मीच कारखाना होतो ना.”

मला ते पटले. वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे तर अधिकच पटले. पुस्तकात कच्चा माल, कारागीर आणि बाजारपेठ असे तीन पाय सांगितलेले असतात. ह्या माणसाचे दोन पाय भक्कम होते, तिसऱ्यासाठी तो खाप्याहून एसटीने आला होता.

पुढच्या आठवड्यात मी खाप्याला गेलो. शालिकरामचे घर कन्हान नदीच्या काठावर. अंगणात कडुलिंब, त्याच्या सावलीत चारपाच बायका कामट्या विणत बसलेल्या. त्यांच्यातली सर्वांत वयस्क बायजाबाई. शालिकरामची बायको भागीरथा मधोमध, एक डोळा कामावर आणि दुसरा नवऱ्यावर. मी अर्ज काढला आणि रकाने भरायला सुरुवात केली.

“यंत्रसामग्री?”

“कोयते पाच. एकाची मूठ ढिली हाये, तो लिहू का नको, तुमीच ठरवा.”

“रोजची उत्पादनक्षमता?”

शालिकरामने बायकोकडे पाहिले. “हे चूप असन तं पंधरा करंड्या. बोलून राहिली तं नऊ.”

“आन तुमी चहाले म्हणून टपरीवर जाता, ते कोणत्या खान्यात लिहाचं जी?” भागीरथाने मान वर न करता विचारले.

बायजाबाई म्हणाली, “लिहा साहेब, बारा लिहा. दोघायचं भांडण मिटून जाते.”

मी बारा लिहिले. आमच्याकडे येणाऱ्या प्रकल्प अहवालांतले आकडेही फार वेगळ्या रीतीने आलेले नसत, फक्त ते टाईप केलेले असत.

गाडी अडली ती ‘इमारत’ या रकान्यापाशी. उद्योगाला स्वतःची कामाची जागा हवी आणि तिची तपासणी झालेली हवी, असा नियम होता.

“कडुनिंब नाही चालत का?” शालिकरामने विचारले.

“भिंती आणि छप्पर पाहिजे.”

“थंडीच्या दिवसात चार भित्तीत बसून कोणी इणते का जी? बोटं आखडतात.”

“बसू नका. पण पाहिजे.”

हे वाक्य माझ्या तोंडून सहज गेले. शालिकरामने ते फार मनावर घेतले.

नऊ दिवसांत त्याने शेड उभी केली. अर्थातच बांबूची. मी ती पाहायला गेलो तेव्हा थक्क झालो. वीस फूट लांब, बारा फूट रुंद, जाड बांबूंचे खांब, वर गवताचे छप्पर, आणि भिंतींना अशा घट्ट विणलेल्या ताट्या की बाहेरून फुंकर मारली तर आत लागणार नाही. एक खिळा नाही. सगळ्या गाठी वाखाच्या दोरीच्या. दारावर सावनेरच्या पेंटरकडून रंगवून आणलेली पाटी: ‘गराडे बांबू उद्योग, खापा’. नियमात बांधकाम पक्के हवे असे लिहिले होते, पण पक्के कशाचे ते लिहिले नव्हते. मी मापे घेतली आणि शेरा मारला, ‘मजबूत’.

निघताना सहज विचारले, “एवढा बांबू आणला कुठून?”

“होता तेवढा लावला. आन थोडा व्यापाऱ्याकडून घेतला.”

“मग करंड्यांना?”

“ते डेपोतून येईन ना आता. तुमीच तं म्हणाले.”

माणसाने आपले सगळे चालू भांडवल उभे करून त्याची इमारत केली होती. परीक्षेत कोणी असे उत्तर लिहिले असते तर प्राध्यापकांनी लाल पेन्सिल मोडली असती. पण मीच त्याला सांगितले होते, भिंती आणि छप्पर पाहिजे. मी त्याला धीर दिला की आठ दिवसांत मोठे साहेब तपासणीला येतील, शिफारस जाईल, आणि संत्री उतरायच्या आत बांबू दारात असेल. वर बजावून सांगितले, “तोवर शेडला हात लावू नका.”

आमचे मोठे साहेब शरच्चंद्र पुराणिक. पुण्याहून बदलून आलेले, नियमाचे पक्के आणि मापात काटेकोर. सरकारी फितीवर विश्वास नाही म्हणून स्वतःची पोलादी मोजफीत खिशात बाळगणारे. त्यांच्या सहीशिवाय शिफारस जात नसे आणि जागा पाहिल्याशिवाय ते सही करत नसत. तपासणीच्या पहिल्या तारखेला ते रजेवर गेले. दुसऱ्या तारखेला जीप गॅरेजमध्ये गेली. तिसऱ्या तारखेला एक मंत्री दौऱ्यावर आले आणि जीप, साहेब आणि मी, तिघेही त्यांच्यामागे गेलो.

मधल्या काळात खाप्याहून पोस्टकार्डे येऊ लागली. अक्षर तिथल्या मास्तरांचे, मजकूर शालिकरामचा. पहिल्यात लिहिले होते: ‘कारखाना तयार आहे. आत कोणाला बसू देत नाही. केव्हा येता?’ दुसऱ्यात: ‘आत बकरी गेली होती, बाहेर काढली. झाडून ठेवला आहे. केव्हा येता?’ तिसऱ्यात बकरीचा उल्लेख नव्हता. ‘ताराचंद सेठ येऊन गेले. आंबिया बहाराची संत्री पिवळी झाली. तीनशे करंड्या मागतात. केव्हा येता?’

तिसऱ्या पोस्टकार्डानंतर एकही कार्ड आले नाही. मला वाटले, शालिकराम समजूतदार आहे.

शेवटी दीड महिन्याने तपासणी ठरली. नोव्हेंबरची छान सकाळ. पुराणिक साहेब जीपमध्ये पुढे बसले होते. मी मागे, मांडीवर फाईल. सबंध वाटेत मी त्यांना शेडचे वर्णन ऐकवले. ताट्यांची वीण, वाखाच्या गाठी, खिळ्याशिवाय बांधकाम. साहेब एरवी कशाने खूश होत नसत, पण त्या दिवशी म्हणाले, “पाहायला हवं.”

जीप थांबली. मी उतरलो आणि मला वाटले, आपण चुकीच्या घरी आलो. पण कडुलिंब तोच होता. त्याच्या बुंध्याला पाटी टांगलेली होती: ‘गराडे बांबू उद्योग, खापा’. जिथे शेड होती तिथे जमिनीत ओळीने खड्डे होते आणि एका कोपऱ्यात छपराचे गवत नीट रचून ठेवलेले. झाडाखाली पाच बायका कामट्या विणत होत्या, आणि मागे करंड्यांची चळत माणसाच्या डोक्यावर गेली होती.

पुराणिक साहेबांनी खिशातून मोजफीत काढली होती. ती हातात तशीच राहिली.

“शेड कुठे आहे?” त्यांनी मला विचारले. मी भागीरथाकडे पाहिले. भागीरथाने नदीकडे हाक मारली, “अवो, आले जी ते!”

शालिकराम गुडघाभर पाण्यातून वर आला. त्याने धोतर पिळले, दोन्ही हात जोडले.

“कारखाना कुठाय तुमचा?” साहेबांनी विचारले.

“थोडा नदीत हाये जी,” शालिकराम म्हणाला. “थोडा त्या चळतीत हाये. बाकीचा बायजाबाईच्या मांडीवर.”

नंतर त्याने समजावून सांगितले. वाळलेला बांबू वाकत नाही, चिरायला गेले की तडकतो. म्हणून खांब आणि वासे सोडवून त्यांच्या मोळ्या केल्या, दगड ठेवून पाण्यात दाबल्या. चारपाच दिवसांत बांबू नरमतो, मग चिरून कामट्या काढायच्या. ताट्या आधीच उसवल्या होत्या, त्यांच्या पहिल्या शंभर करंड्या झाल्या. हे सगळे तो अशा सुरात सांगत होता की ह्यात तपासणी अधिकाऱ्यांना विचित्र वाटण्यासारखे काही आहे, हे त्याच्या गावीही नव्हते. बुरुडाच्या घरी बांबू आज भिंत असतो, उद्या सूप असतो. ते त्याला घरातल्या माणसाने जागा बदलून बसल्यासारखे होते.

मी साहेबांच्या हातातल्या मोजफितीकडे पाहिले. आमच्या भाषेत बोलायचे तर ह्या माणसाने स्थिर मालमत्ता पाण्यात भिजवून तिचा तयार माल केला होता, आणि तोही तपासणी अधिकारी वाटेत असताना.

“मी तुम्हाला सांगितलं होतं ना, शेडला हात लावू नका?” मी दबक्या आवाजात म्हणालो.

उत्तर भागीरथाने दिले, आणि दबक्या आवाजात दिले नाही. “तुमी आठ दिवसात येतो म्हणाले होते जी. आमी दीड महिना त्या शेडीच्या तोंडाकडे पाहून राहिलो. आत बसाचं नाही, हात लावाचा नाही. बांबू सारा तिच्यात. संत्र्यानं कोणाच्या तारखेची वाट पाहिली का?”

“भागीरथा,” शालिकराम म्हणाला, “साहेब लोक हायेत.”

“मंग साहेब लोकायलेच तं सांगून राहिली मी. संत्र्यायले सांगू का?”

बायजाबाईने पदर तोंडाला लावला. पुराणिक साहेब उतारावरून नदीपर्यंत गेले, बूट ओले होतील इतके जवळ गेले आणि पाण्यातल्या मोळ्या मोजू लागले. मग वर येऊन करंड्यांची चळत मोजली. मोजण्यासारखे काहीतरी मिळाल्यामुळे त्यांचा चेहरा जरा निवळला.

तेवढ्यात ताराचंदचा ट्रक आला. ताराचंद म्हणजे हातात संत्र्याचे साल घेऊन त्याचा वास घेत बोलणारा जाडा माणूस. त्याने आम्हाला पाहिले, जीप पाहिली आणि आम्ही जप्तीला आलो आहोत असे समजून घाईघाईने म्हणाला, “साहब, जो करना है करो, पहले मेरा माल भरू द्या. बाग तोडून ठेवली आहे, आज करंडी नाही भेटली तर उद्या संत्रं सडून त्याचा कीच होते.”

“आम्ही माल अडवायला आलो नाही,” पुराणिक साहेब म्हणाले. “लाकडी खोके का घेत नाही तुम्ही?”

“घेईन ना एक दिवस. पण खोक्यात खालचं संत्रं दबते. हे बघा.” ताराचंदने एक करंडी उचलून जमिनीवर टाकली आणि तिच्यावर एक पाय दिला. करंडी आखडली. पाय काढल्यावर परत फुगली. शालिकराम म्हणाला, “सेठ, पैसे देल्यावर नाचा गा तिच्यावर. अजून ते माही हाये.”

साहेब कडुलिंबाखाली बाजेवर बसले आणि फाईल मागितली. मी ती दिली. माझे लक्ष त्यांच्या पेनाकडे. इमारत नाही म्हणून अर्ज फेटाळला तर नियम त्यांच्या बाजूने होता. मग शालिकरामला बांबू मिळणार नव्हता आणि आता तर शेडही उरली नव्हती. ह्या तीनशे करंड्या झाल्या की कामट्या संपल्या. शालिकरामला हे कळत होते. तो ट्रकमध्ये करंड्या देत होता, पण दर करंडीमागे एकदा बाजेकडे पाहत होता.

“तपासणीची तारीख आपण तीनदा पुढे ढकलली?” साहेबांनी मला विचारले.

“हो.”

“का?”

मी सांगितले. पहिले कारण रजा. ते स्वतःच रजेवर होते, हे त्यांना आठवत असावे, कारण त्यांनी पुढचे विचारले नाही.

मग त्यांनी लिहिले. इमारतीच्या रकान्यात त्यांनी ‘निरंक’ लिहिले. ते खोटे लिहिणारे नव्हतेच. त्याखाली लिहिले की तपासणीला कार्यालयाकडून दीड महिना उशीर झाल्यामुळे अर्जदाराने बांधलेल्या जागेतील बांबू हंगामाच्या मागणीसाठी वापरला. उत्पादन प्रत्यक्ष चालू असून विक्री समक्ष पाहिली. सबब, इमारतीचे अनुदान राखून ठेवावे आणि कच्च्या मालाची शिफारस तातडीने पाठवावी. इमारतीची फेरतपासणी एप्रिलमध्ये. खाली सही.

आपल्याच कार्यालयाचा उशीर सरकारी कागदावर लिहिलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. त्यानंतरही पाहिला नाही.

त्यांनी शालिकरामला बोलावून मजकूर सांगितला. अनुदान थांबले आहे हे समजावून सांगू लागले, तर तो मध्येच म्हणाला, “ते राहू द्या जी. बांबू?”

“महिन्याभरात मिळेल.”

शालिकरामने खांद्यावरचे फडके काढून तोंड पुसले. जरा जास्तच वेळ पुसले. मग भागीरथाला म्हणाला, “चहा ठेव वं. गूळ टाक.”

बांबू खरोखर महिन्याभरात आला. शिफारस घेऊन मीच डेपोवर गेलो होतो, म्हणून हेही पाहिले. शालिकराम रचलेल्या बांबूंसमोर उभा राहून एकेक बांबू बोटाच्या कांड्याने वाजवून पाहत होता आणि निम्मे बाजूला ढकलत होता. डेपोचा कारकून वैतागला. “इथे निवड चालत नाही.”

“मंग ठेकेदारानं चांदण्यात तोडाचा नव्हता ना. याले कीड लागन. अंधाऱ्या पाखात तोडलेला दाखवा.”

“असं वर्गीकरण आमच्या वहीत नाही.”

“वहीत नसन. बांबूत असते.”

मी मध्ये पडलो म्हणून प्रकरण मिटले. ज्या बांबूसाठी माणूस दीड महिना झुरला, तो मिळाल्यावर त्याने पहिले काम केले ते त्याला नावे ठेवण्याचे. मला त्यात समाधान वाटले. गरजू माणूस मिळेल ते घेतो. निवडायला लागला म्हणजे तो धंद्यात आला.

एप्रिलमध्ये त्याने शेड पुन्हा बांधली. पुराणिक साहेब ठरल्या तारखेला गेले, मोजफीत लावली, मापे जुळली, अनुदान मंजूर झाले. नोव्हेंबरमध्ये मी दुसऱ्या कामासाठी त्या बाजूला गेलो तेव्हा शेडला तीन भिंती होत्या.

“चौथी?” मी विचारले.

“ताराचंदले पन्नास करंड्या जास्त लागल्या,” शालिकराम म्हणाला. “डेपोचा ट्रक सोमवारी येऊन राहिला. मंगळवारी भिंत लावतो.”

हे पुढे दरवर्षीचे झाले. मला त्याची सवय लागली. खाप्याच्या वाटेवर असलो की मी आधी शेडकडे पाही. एक भिंत गेलेली असली तर संत्री साधारण, दोन गेल्या तर उत्तम. एका वर्षी फक्त छप्पर आणि चार खांब उरले होते, आणि शालिकराम इतका खुशीत होता की त्याने मला टपरीवर नेऊन स्वतःच्या पैशाने चहा पाजला. नियमाने मी हे कळवायला हवे होते. मी माझ्या वहीत दरवर्षी ‘शेड वापरात’ एवढेच लिहिले.

पंच्याऐंशी साली मी काही वर्षांच्या खंडाने पुन्हा गेलो. तोवर संत्री लाकडी खोक्यांतून जाऊ लागली होती. ताराचंदच्या जागी त्याचा पुतण्या बसत होता आणि त्याला करंडीवर पाय देऊन दाखवायची आवड नव्हती. शालिकरामची दाढी पांढरी झाली होती. तो आणि भागीरथा लग्नाच्या हंगामासाठी सुपे विणत होते. लांबूनच मला शेड दिसली. चारही भिंती शाबूत, छप्पर नीट, ताटीची एक कामटी हललेली नाही. अगदी अनुदानाला शोभेल अशी. नोव्हेंबर महिना होता. मला ते पाहून बरे वाटले नाही.

शालिकरामने माझी नजर पाहिली.

“पाहा जी,” तो म्हणाला, “शेवटी झाला कारखाना पक्का. आता पाठवा तुमच्या मोठ्या साहेबाले.”

पुराणिक साहेब निवृत्त होऊन पुण्याला गेले होते. मी तसे सांगितले. भागीरथाने सूप खाली ठेवले, शेडच्या दक्षिणेकडच्या भिंतीला टेकून आपले पाय लांब केले आणि म्हणाली, “बरं झालं. ते आता आले असते तं ह्याइनं दोन भित्ती सोडवून दाखवल्या असत्या, उगीच इज्जतीसाठी.”

शालिकराम हसला नाही. तो उठला, भिंतीजवळ गेला आणि बोटाच्या कांड्याने तिचा खांब वाजवून पाहू लागला.